आज्ञा कोणाची? दूरस्थ संगणक-व्यवस्थापनाचा इतिहास

बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात काडू मल्लेश्वराचे जुने देवालय आहे. तेथील १६६९ सालच्या शिलालेखात छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी, म्हणजेच व्यंकोजी, यांनी या देवस्थानास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे. त्या काळी दूरच्या गावावर हुकूम चालवायचा, तर दोन गोष्टी लागत. एक, हुकूम घेऊन जाणारा जासूद. आणि दुसरी, तो हुकूम खरोखर धन्याचाच आहे याची खात्री देणारा शिक्का. जासूद वाटेत अडला, तर काम खोळंबे. शिक्का बनावट निघाला, तर भलत्याच माणसाचा हुकूम अमलात येई. दुसरे संकट पहिल्याहून मोठे होते.

याच परिसराला लागून भारतीय विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘परम प्रवेग’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. त्याची क्षमता ३.३ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे ३,३०० लाख कोटी आकडेमोडी, इतकी आहे. तो २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाचा भाग असून पुण्याची ‘सी-डॅक’ आणि भारतीय विज्ञान संस्था या दोघी मिळून हे अभियान राबवतात. या यंत्रावर काम करणाऱ्या संशोधकाला त्याच्यासमोर जाऊन बसावे लागत नाही. तो आपल्या खोलीतल्या साध्या संगणकावरून आज्ञा पाठवतो आणि दूरचे यंत्र ती पाळते. ही सोय आज इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामागचा इतिहास सहसा कोणी विचारत नाही. तो विचारण्याजोगा आहे, कारण त्यात जासूद आणि शिक्का हे दोन्ही जुने प्रश्न नव्या रूपात भेटतात.

सत्तरच्या दशकात याच संस्थेच्या संगणक केंद्रात आयबीएम ३६०/४४ हे यंत्र होते. त्या काळचा शिरस्ता असा, की प्रोग्रॅम छिद्रित पत्त्यांवर उतरवायचा, पत्त्यांचा गठ्ठा केंद्रात नेऊन द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. यंत्राकडे माणूस जात असे. त्यामुळे ओळख पटवण्याचा प्रश्न दारावरच सुटत असे. गठ्ठा घेऊन आलेला विद्यार्थी समोर उभा असे.

माणसाऐवजी आज्ञेनेच प्रवास करावा, ही कल्पना मात्र तोवर अमेरिकेत प्रत्यक्षात आली होती. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकात शिरण्याचा प्रयत्न केला. त्याने ‘लॉगिन’ या शब्दाची पहिली दोन अक्षरे टंकली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. सुमारे तासाभराने तो यशस्वी झाला. अर्पानेटवरचा पहिला संदेश म्हणून या घटनेचा उल्लेख नेहमी होतो. पण तो संदेश कुशलक्षेमाचा नव्हता, दुसऱ्याच्या यंत्रात प्रवेश मागणारा होता, हे आपण विसरतो. संगणकांच्या जाळ्याचा पहिला उपयोग दूरचे यंत्र वापरण्यासाठीच योजलेला होता. ई-मेल त्यानंतर आली.

भारतात हे जाळे १९८६ मध्ये ‘अर्नेट’ या प्रकल्पाने आकाराला येऊ लागले. केंद्र शासनाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, पाच आयआयटी, मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था हे त्याचे मूळ सहभागी. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे त्याला साहाय्य होते. दूरध्वनीच्या तारांवरून मंदगतीने अक्षरे सरकू लागली आणि जासुदाचा प्रश्न सुटण्याच्या मार्गाला लागला. शिक्क्याचा प्रश्न मात्र तसाच होता.

दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी तेव्हा जगभर ‘टेलनेट’ वापरले जाई. वापरकर्त्याने टंकलेला परवलीचा शब्द तारेवरून जसाच्या तसा जाई. पोस्टकार्डावर तिजोरीचा आकडा लिहून पाठवावा, तसाच हा प्रकार. वाटेतल्या कोणत्याही यंत्रावर बसलेला मनुष्य तो वाचू शकत असे. आपल्या वर्तुळात सगळे ओळखीचेच आहेत, अशा समजुतीवर ही व्यवस्था उभी होती. आणि सुरुवातीला ती समजूत फारशी खोटीही नव्हती.

ती १९९५ मध्ये मोडली. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात परवलीचे शब्द टिपून घेणारा छुपा प्रोग्रॅम आढळला. तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी ‘सिक्युअर शेल’ म्हणजे एसएसएच हा प्रोग्रॅम लिहून खुला केला. त्यासाठी त्यांनी २२ हा पोर्ट क्रमांक मागून घेतला. फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचा क्रमांक २१, टेलनेटचा २३. मधली जागा रिकामी होती. पुढे १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या चमूने ‘ओपनएसएसएच’ ही मुक्त आवृत्ती काढली आणि आज बहुतेक सर्व्हरांचा कारभार तिच्यावरच चालतो.

एसएसएचने दोन्ही बाजूंची ओळख तपासण्याची सोय केली. संपूर्ण संभाषण कूटबद्ध होऊन जाते. वापरकर्ता चाव्यांची जोडी तयार करतो : सार्वजनिक चावी सर्व्हरवर ठेवली जाते, खासगी चावी स्वतःपाशी राहते. सर्व्हर असे कोडे घालतो, जे फक्त खासगी चावी असलेल्यालाच सोडवता येते. चावी स्वतः तारेवरून कधीच जात नाही. उलट बाजूने सर्व्हरही आपली ओळख देतो. पहिल्या भेटीत पडद्यावर अक्षरांची एक लांबलचक माळ येते आणि ‘हाच सर्व्हर का?’ असे विचारले जाते. ती माळ पडताळून पाहावी, अशी अपेक्षा असते. आपल्यापैकी किती जण ती वाचतात? बहुतेक जण ‘होय’ टंकून पुढे जातात. गणिताने दिलेला शिक्का आपण न पाहताच मान्य करतो.

ओळख चोरीला गेली तर काय होते, हे मे २०२० मध्ये दिसले. कोविडच्या ऐन काळात ब्रिटन, जर्मनी व स्वित्झर्लंडमधील महासंगणकांमध्ये घुसखोरी झाली. एडिनबर्गच्या ‘आर्चर’ची दारे ११ मे रोजी बंद करावी लागली आणि सर्व वापरकर्त्यांचे जुने परवलीचे शब्द व चाव्या रद्द कराव्या लागल्या. एसएसएचचे गणित कोठेही चुकले नव्हते. संशोधकांच्या ओळखीच चोरीला गेल्या होत्या. आणि बनावट हाताने खरा शिक्का उमटवला, तर यंत्राला भेद कळत नाही. महासंगणकात तर हा धोका अनेकपटींनी वाढतो. व्यवस्थापकाची एक आज्ञा शेकडो नोडवर एकाच वेळी लागू होते. चुकीच्या हाती पडलेली आज्ञाही तशीच लागू होते.

याहून गंभीर प्रसंग २९ मार्च २०२४ रोजी उघडकीस आला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे जाणवले. त्याने मूळ शोधले, तेव्हा ‘एक्सझेड’ या फाइल आकुंचित करणाऱ्या साध्या प्रणालीत चोरदरवाजा बसवलेला सापडला. ‘जिया तान’ हे नाव घेतलेल्या कोणी तरी दोनेक वर्षे इमाने-इतबारे मदत करून, एकट्याने प्रकल्प सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाचा विश्वास मिळवला होता. काही लिनक्स वितरणांत ही प्रणाली एसएसएचच्या सेवेशी आडवाटेने जोडली जाते. तेच त्या चोराचे लक्ष्य होते. सदोष आवृत्ती सर्वत्र पसरण्यापूर्वी ती पकडली गेली.

या साऱ्या प्रवासात अंतराचा प्रश्न फार लवकर सुटला. ओळखीचा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला आणि गणिताने त्याचा मोठा भाग सोडवला, तरी उरलेला भाग माणसांकडेच राहिला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी यातून घ्यायच्या गोष्टी साध्या आहेत. खासगी चावीला परवलीचा शब्द लावावा, ती कोणाला देऊ नये, सामायिक यंत्रावर ठेवू नये. सर्व्हर पहिल्यांदा ओळख दाखवतो तेव्हा ती माळ व्यवस्थापकाने कळवलेल्या माळेशी ताडून पाहावी. आणि नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागला, तर त्याचे कारण शोधावे.