लिलोची अक्षरे

नवी प्रणाली चढवावी, सर्व काही यथास्थित पार पडल्याचा निर्वाळा तिने द्यावा, आणि यंत्र पुन्हा सुरू करताच काळ्या पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत राहावी, या प्रसंगात ज्यांच्या रात्री गेल्या आहेत अशांची संख्या थोडी नाही. तथापि या आपत्तीलाही एक इतिहास आहे, आणि तो मला यंत्रशोधकांच्या चरित्रांहून अधिक बोधप्रद वाटतो.

मूळ अडचण अशी की, आज्ञावली वाचून घ्यावी तर ती कशी वाचावी हे सांगणारी आज्ञा यंत्राला आधीच मिळालेली असावी लागते. १९६५ साली आलेल्या पीडीपी-८ यंत्रावर ही उणीव चालक स्वतः भरून काढी: दर्शनी फळीवरील खटके वरखाली करून तो मोजक्या आज्ञा एकेक करीत स्मृतीत घाली, आणि मग त्या आज्ञा कागदी फीत वाचू लागत. १९७५ साली आल्टेअर संगणकासाठी बेसिक भाषा घेऊन निघालेल्या पॉल ॲलनला, विमान आल्बुकर्कीला उतरू लागले तेव्हा, फीत वाचणारी ही प्रारंभिक आज्ञावली लिहायची राहूनच गेल्याचे स्मरण झाले, आणि ती त्याने आसनावर बसल्या बसल्या लिहून काढली. आरंभ असा माणसाच्या बोटांत होता तोवर तो क्वचित चुके, पण सुधारणेच्या पायी नाहीसा होत नसे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएम पीसीने हा अखत्यार माणसाकडून काढून यंत्रातच कायम कोरलेल्या बायोस या प्रारंभिक आज्ञावलीकडे दिला. बायोसने तबकडीचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचायचा आणि पुढचा कारभार त्याच्या हवाली करायचा, असा शिरस्ता पडला. १९८३ साली पीसीत हार्ड डिस्क आली तेव्हा त्या तुकड्यातले ६४ बाइट वाटणीच्या तक्त्याला व २ खुणेला गेले आणि आज्ञांसाठी ४४६ उरले. एवढ्या जागेत काय मावणार? पुढचा कारभारी कोठे बसला आहे, इतकेच तिथे सांगता येई.

या अपुऱ्या जागेतून जी साधने निर्माण झाली, त्यांत १९९२ च्या सुमारास वेर्नर आल्मेस्बर्गर यांनी लिनक्ससाठी केलेला लिलो मला विशेष वाटतो. लिलोला फाइलींची नावे कळत नसत. कर्नल, म्हणजे प्रणालीचा मूळ भाग, तबकडीच्या कोणकोणत्या खंडांत आहे, त्यांची यादी तो करून ठेवी. नवे कर्नल बसवले आणि लिलोची आज्ञा पुन्हा चालवायची राहिली, की जमिनीचे खरेदीखत होऊनही तलाठ्याच्या दप्तरी फेरफार न झाल्यासारखी स्थिती होई: लिलो जुन्याच पत्त्यावर जाई. मात्र मरताना तो जबानी देई. आपल्या रोमन नावाचे (LILO) एकेक अक्षर तो एकेका टप्प्याला उमटवी. पडद्यावर केवळ 'एल' व 'आय' उमटून यंत्र थांबले, तर दुसरा टप्पा वाचला गेला पण चालवता आला नाही, असा त्याचा अर्थ. तिसरे अक्षर आले तर दोष यादीत. चारही अक्षरे आली, म्हणजे निदान लिलोची स्वतःची हजेरी तरी पुरी लागली. इतक्या तुटपुंज्या जागेत इतकी प्रामाणिक कैफियत मांडणारे दुसरे साधन मला ठाऊक नाही.

उपाय मात्र एकच, आणि तो आजतागायत बदललेला नाही: दुसऱ्या, चालत्या प्रणालीच्या दाराने आत शिरायचे. त्यासाठी आधी फ्लॉपी असे. टॉम्सआरटीबीटी या संचात १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर १.७२ मेगाबाइट ठासलेले असत. पुढे २००० साली क्लाउस क्नॉपर यांची क्नॉपिक्स ही सीडी आली. आजारी डिस्क जोडायची, १९७९ च्या युनिक्सपासून चालत आलेल्या 'सीएचरूट' आज्ञेने तिलाच मूळ मानायला लावायचे, आणि आतून लिलो अथवा त्याच्या जागी पुढे रूढ झालेला ग्रब पुन्हा बसवायचा.

१९९५ साली एरिक बोलेन यांनी आरंभलेल्या ग्रबला फाइली नावानिशी वाचता येत. त्यामुळे फेरफाराची कटकट संपली, आणि २०१५ अखेर लिलोचे कामही थांबले. पण जुलै २०२० मध्ये ग्रबमधील बूटहोल नावाचा सुरक्षादोष दूर करणाऱ्या सुधारणेनेच कित्येक यंत्रे बंद पडली. काही ठिकाणी ग्रबचे विभाग नवे आले, तबकडीच्या आरंभी बसलेला गाभा मात्र जुनाच राहिला, आणि 'ग्रब_कॅलॉक' सापडत नाही अशी तक्रार करून यंत्र तिथेच थबकले.

सुधारणेनेच यंत्र बंद पडण्याची ही गत लिनक्सपुरती नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष फाइलीने विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रे कोसळली, तेव्हा भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हस्तलिखित बोर्डिंग पास पडले. उपाय सोपा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची, पण कित्येक ठिकाणी तो प्रत्येक यंत्रासमोर बसूनच करावा लागला, आणि जिथे डिस्क कुलूपबंद होती तिथे ४८ अंकांची किल्ली भरण्यावाचून गत्यंतर नव्हते.

लिनक्सचे बहुतेक वितरक आज नवे कर्नल बसवताना जुने तसेच ठेवतात, आणि ते ग्रबच्या यादीत मिळते. वाचकांना माझी विनंती एवढीच की, जागा वाचवण्याच्या मोहाने ते पुसू नये, आणि प्रणाली चढवण्यापूर्वी चालत्या प्रणालीचा एक पेन ड्राइव्ह तयार करून बाजूला ठेवावा.