सायकलचं हेल्मेट नेमकं किती वेगासाठी बनवलेलं असतं?

१८ जुलै १९९५. टूर द फ्रान्समध्ये पिरनीज पर्वतातला घाट उतरताना इटलीचा फॅबियो कासारतेल्ली पडला आणि रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर आदळला. १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा हा सायकलपटू २४ व्या वर्षी गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं १९९१ मध्येच हेल्मेटची सक्ती करून पाहिली होती. पण पॅरिस-नीस शर्यतीत खेळाडूंनीच विरोध केला आणि संघटनेला माघार घ्यावी लागली. पुढे मार्च २००३ मध्ये याच शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह हेल्मेटविना पडला, दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर मे २००३ पासून सक्ती आली. तरी सुरुवातीला शेवटच्या मोठ्या चढावर हेल्मेट काढायची सूट होतीच!

आता मुद्द्याचं. युरोपच्या ईएन १०७८ या चाचणीत हेल्मेट साधारण दीड मीटरवरून सपाट लोखंडावर पाडतात. आदळतानाचा वेग असतो ताशी सुमारे १९.५ किलोमीटर. अमेरिकेच्या चाचणीत तो ताशी २२ च्या आसपास असतो. घाट उतरताना शर्यतीतले सायकलपटू मात्र सहज ताशी ८० च्या पुढे जातात.

मग हेल्मेटचा उपयोग काय? समजा, सायकल घसरून तुम्ही रस्त्यावर पडलात. डोकं जमिनीकडे किती जोरात येतं, हे मुख्यतः ते किती उंचीवरून पडलं यावर ठरतं, सायकल किती वेगात होती यावर नाही. पुढचा वेग बराचसा घसरत जाण्यात खर्च होतो. चाचणीतली दीड मीटर उंची त्यामुळेच अर्थपूर्ण आहे. समोर भिंत, खांब किंवा गाडी आली तर मात्र हे गणित कोलमडतं. तिथे सायकलचा सगळा वेग धडकेत उतरतो, आणि तेवढ्यासाठी हे हेल्मेट बनवलेलंच नाही.

आतला थर्माकोलसारखा फोम चेपला जातो आणि धक्का शोषतो. एकदा चेपलेला फोम पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी बदलावं.

बाकी अंगाचं काय? लायक्राची जर्सी वारा कापायला मदत करते, पण डांबरावर घसरल्यावर ती लगेच फाटते आणि कातडी सोलून निघते. पडताना माणूस आधी हात टेकवतो, त्यामुळे ग्लोव्ह्ज कामाचे. कॉलरबोन मात्र उघडंच राहतं आणि सायकलपटूंचं तेच बऱ्याचदा मोडतं. डोंगरउतारावरच्या डाउनहिल शर्यतीत तोंड झाकणारं हेल्मेट आणि गुडघ्यांना पॅड असतात. तासन्‌तास पेडल मारणाऱ्याला एवढा जामानिमा उकाड्यात झेपत नाही.

सिंहगड उतरायच्या आधी एक तपासणी करा. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर हवं, मागे सरकलेलं नको. हनुवटीखालचा पट्टा लावल्यावर त्यात जेमतेम दोन बोटं मावली पाहिजेत. सैल पट्ट्याचं हेल्मेट डोकं आपटायच्या आधीच निसटू शकतं.