उस्तादाचा हात आणि सरकारची सनद

आपल्या घरातल्या लाकडी सामानाच्या नावांतच एक इतिहास दडलेला आहे. 'खुर्ची' अरबीतल्या 'कुर्सी'वरून आली, 'तख्त' आणि 'कारखाना' फारसीतून आले, 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीजांनी दिला. शब्दांची नोंद कोशात झाली. पण ज्या पोरांनी वर्षानुवर्षे खपून हे सामान घडवण्याचे कसब शिकून घेतले, त्यांची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. मुस्लिमांचा इतिहास म्हणजे सुलतान, नवाब आणि लढाया, असे आम्ही स्वतःही मानत आलो.

वास्तविक सुतारकामाला आपल्या परंपरेत मोठा मान आहे. हजरत जकरिया सुतार होते, असे हदीसमध्ये आले आहे. मदिनेच्या मशिदीतला मिंबर एका अन्सारी स्त्रीच्या सुतार गुलामाने झाऊच्या लाकडातून बनवला, हेही हदीसमध्ये नोंदलेले आहे. त्या सुताराचे नाव नेमके काय, याबद्दल मात्र एकमत नाही. काम सर्वांच्या लक्षात राहिले, करणाऱ्याचे नाव धूसर झाले. पुढेही असेच होत गेले.

सहारनपूरच्या शिसवी नक्षीकामाच्या कारखान्यात असो की मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात, शागिर्दाची सुरुवात झाडूने होते. भुसा गोळा करायचा, चहा आणायचा, पॉलिश पेपर घासायचा. मग करवत, रंधा, पटाशी हातात येते. लाकडाच्या रेषेच्या उलट रंधा मारला तर पृष्ठभाग उखडतो, ओले लाकूड वापरले तर पुढे सांधा ढिला पडतो, हे उस्ताद तोंडाने क्वचितच सांगतो. पोरगा चुकतो, लाकूड वाया जाते, बोलणी खावी लागतात आणि हात शहाणा होतो. या शाळेत हजेरीपट नसतो, परीक्षा नसते. उस्तादाने एक दिवस अख्खे कपाट एकट्यावर सोपवले, की समजायचे आपण कारागीर झालो.

हाताचे हे कसब राज्यकर्त्यांना कधीकाळी मोजता येत होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त सुतारांच्या 5 प्रती दिल्या आहेत. पहिल्या प्रतीच्या सुताराला रोज 7 दाम, तर शेवटच्याला 2 दाम. रुपयाचे तेव्हा 40 दाम होत. 72 जातींच्या लाकडांची वजनेही त्यात नोंदलेली आहेत. मजुरी ठरत होती ती कामाच्या प्रतीवर.

इंग्रजी अमलात कागद आला. 1850 च्या उमेदवारी कायद्याने 10 ते 18 वर्षांच्या मुलांना, विशेषतः अनाथ आणि गरीब मुलांना, जास्तीत जास्त 7 वर्षांच्या लेखी करारावर धंदा शिकण्यासाठी मालकाकडे बांधता येऊ लागले. 1857 मध्ये मुंबईत जमशेटजी जीजीभाई कलाशाळा सुरू झाली आणि 1891 मध्ये तिला रे कार्यशाळांची जोड मिळाली. याच कलाशाळेत 1865 पासून शिकवणारे लॉकवुड किपलिंग 1875 मध्ये लाहोरच्या मेयो कलाशाळेत गेले. तिथे त्यांना भाई रामसिंग हा सुतार घराण्यातला शीख विद्यार्थी मिळाला. या रामसिंगांनी पुढे राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाऊसमधल्या दरबार दालनाची सजावट केली आणि 1910 मध्ये ते त्याच मेयो कलाशाळेचे प्राचार्य झाले. घरचे कसब आणि शाळेची सनद एकत्र आली, तर सुताराचा मुलगा कुठवर जाऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण.

आपल्या बहुसंख्य पोरांच्या वाट्याला असा योग आला नाही. स्वातंत्र्यानंतर 1950 पासून आयटीआय उभ्या राहिल्या. 1961 च्या कायद्याने 1850 चा कायदा रद्द करून 14 वर्षे ही उमेदवारीची किमान वयोमर्यादा ठरवली. बदल योग्यच होता. पण 2019 च्या नियमांनुसार उमेदवार घेणे बंधनकारक आहे ते 30 किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनांना, आणि 4 पेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला त्या योजनेत जागाच नाही. उस्ताद आणि त्याचे दोन शागिर्द, एवढाच पसारा असलेला गल्लीतला कारखाना बाहेरच राहतो. मुस्लिम कामगार मोठ्या प्रमाणावर स्वयंरोजगारात आणि अशाच लहान धंद्यांत आहेत, हे 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले होते. दहा वर्षे लाकडाशी झुंजलेला तरुण सरकारी कागदावर 'अकुशल' ठरतो. बँकेत, कंत्राटात, परदेशी नोकरीच्या रांगेत त्याला विचारतात, सर्टिफिकेट कुठे आहे?

शागिर्दीचे नुसते गोडवे गाणेही आम्हाला मान्य नाही. तिने अनेकांचे बालपण आणि शाळा खाल्ली आहे. बिनपगारी वर्षे, छातीत जाणारा भुसा, उस्तादाची थप्पड, हेही तिचेच अंग आहे. 'आमचे पोर काम शिकतेय' असे म्हणत दहा वर्षांच्या मुलाला कारखान्यात बसवणाऱ्या बापाला आपण आता थांबवले पाहिजे. मूल आधी शाळेतच गेले पाहिजे.

वाटा अगदीच बंद नाहीत. आठवी झालेल्या मुलाला आयटीआयमध्ये सुतारकाम शिकता येते. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक धंदे आहेत आणि सुतारकाम त्यांत आहे. नोंद झालेल्या कारागिराला प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते. पण त्यासाठी अर्ज कोणीतरी भरावा लागतो, आणि हातात पटाशी धरणाऱ्याला अर्जाची भीती वाटते. हे काम शिकलेल्यांचे आहे. आपल्या मोहल्ल्यात किती उस्ताद आहेत, त्यांच्या हाताखाली कोण शिकते आहे, कोणाची शाळा सुटली आहे, याची एक वही जमातीने ठेवली तरी पुष्कळ होईल. मिंबर घडवणाऱ्याचे नाव धूसर झाले. निदान आपल्या गल्लीतल्या उस्तादांची नावे तरी त्या वहीत यावीत.