पिशवीच्या गाठीचं कूळ

रामदासपेठेत नर्सिंग होम, सोनोग्राफी सेंटर आणि पॅथॉलॉजी लॅब एकमेकांना खेटून आहेत. तिथल्या बायकांच्या रिपोर्टांत हटकून भेटतो तो फायब्रॉइड; घरच्या भाषेत ‘पिशवीला गाठ’. काढलेली गाठ चिरली की आत पांढुरक्या तंतूंची घट्ट वेटोळी दिसतात. कॅन्सर नव्हे, पण रक्तस्रावाने बाईचा जीव मेटाकुटीला येतो.

गाठ होते कशाने, याचं उत्तर बरीच वर्षं इस्ट्रोजेनपाशी येऊन थांबायचं. 2011 मध्ये हेलसिंकीच्या लाउरी आल्टोनेन यांच्या गटाने 80 बायकांच्या 225 गाठी तपासल्या. सुमारे 70 टक्के गाठींत बिघाड एकाच जनुकात निघाला: मेड12.

या मेड12चं मूळ सापडतं ते पावात घालतात त्या यीस्टमध्ये, ज्याला ना गर्भाशय ना इस्ट्रोजेन! जनुकाची आरएनए नक्कल उतरवणाऱ्या एन्झाइमचे तीन प्रकार रॉबर्ट रोडर यांनी 1969 मध्ये वेगळे केले. पण नुसत्या एन्झाइमला सुरुवात नेमकी कुठून करायची ते कळत नव्हतं. त्यासाठी लागणारी मदतनीस प्रथिनं पुढे एकेक करून हाती आली आणि नक्कल उतरू लागली. तरी घोडं अडलंच. ‘हे जनुक जोरात चालव’ असा हुकूम देणारं प्रथिन घातलं की पेशींच्या कच्च्या अर्कात वेग वाढे. शुद्ध मिश्रणात ढिम्म. म्हणजे शुद्ध करण्याच्या नादात कामाचंच काहीतरी गळून जात होतं. या सगळ्या शोधातली मला सर्वांत आवडणारी जागा हीच. ते गळलेलं रॉजर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेने 1994 मध्ये यीस्टमधून शुद्ध रूपात काढलं: वीसेक प्रथिनांचा जथा, हुकूम एन्झाइमपर्यंत पोचवणारा. नाव मीडिएटर.

मानवी पेशींत तोच जथा रोडर यांना 1996 मध्ये थायरॉइड हार्मोनच्या रिसेप्टरला चिकटलेला सापडला, तर रॉबर्ट टीजन यांना 1999 मध्ये एसपी1 या प्रथिनाच्या दिमतीला. एकाने नाव ठेवलं ट्रॅप, दुसऱ्याने क्रिस्प. बारशी अनेक, बाळ एकच! 2004 मध्ये नावं एकसारखी केली गेली आणि ट्रॅपमधल्या ट्रॅप230 या प्रथिनाचं मेड12 झालं.

याच जथ्यातली सायक्लिन सी आणि सीडीके8 ही प्रथिनांची जोडी मेड12च्या आधाराने काम करते. गाठीतल्या बिघाडाने तो आधार सुटतो. उपचार मात्र अजून हार्मोनपाशीच आहेत: गोळ्या, इंजेक्शनं, नाहीतर ऑपरेशन.