वाहतूकदाराची पत : तांड्यापासून ट्रकपर्यंत



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले जाते, ते इतिहास शिकविताना लढाईचे साल सांगून थांबत नसत. ‘या सैन्याला धान्य कोणी पोचविले?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न असे. त्याच प्रश्नाचे बोट धरून मी आज मालवाहतुकीच्या इतिहासाविषयी बोलणार आहे. विषय बाजारी वाटेल. परंतु आपले बेळगाव घाटमाथ्यावरचे गाव आहे. रामघाट आणि आंबोलीने वेंगुर्ल्याकडे, चोर्ला आणि अनमोडने गोव्याकडे उतरणाऱ्या वाटांवर या गावाची पेठ पोसली गेली. या सभागृहातील कितीतरी घरांत एखादा ट्रक आला आणि त्याच्या भाड्यावर मुलांची शिक्षणे झाली.

माझ्यापुढचा प्रश्न साधा आहे. ज्याच्यापाशी स्वतःची थोडी जनावरे किंवा एकच गाडी आहे आणि जो कोणाचा चाकर नाही, अशा माणसाला चांगल्या भाड्याचा माल कशाच्या बळावर मिळतो? माझे उत्तर असे की, भाडे अंतराचे मिळते, पण चांगले भाडे जबाबदारीचे मिळते. ती जबाबदारी कोणाच्या नावावर नोंदली गेली, यावर वाहतूकदाराचे भवितव्य ठरत आले आहे.

प्रारंभ लमाणांपासून केला पाहिजे. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे वर्णिले आहेत. धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ यांपैकी एकेक जिन्नस एकेका गटाने वाहावा, अशी वाटणीही तो सांगतो. बैल वाटेवरच चरत, त्यामुळे वाहतुकीचा खर्च अत्यल्प पडे. उलट गती फार मंद असे. घाट उतरताना धान्य आणि परतताना मीठ, असा दोन्ही बाजूंचा व्यवहार हे त्यांचे खरे भांडवल होते. १७९१-९२ मध्ये श्रीरंगपट्टणवर चालून जाणाऱ्या कॉर्नवॉलिसला आणि १८०३ मध्ये मराठ्यांविरुद्ध लढणाऱ्या आर्थर वेलस्लीला रसद मिळाली, ती बव्हंशी याच तांड्यांकडून. लढणारे दोन्ही पक्ष त्यांना सहसा हात लावीत नसत, कारण उद्या त्यांचीच गरज लागणार हे दोघांनाही ठाऊक असे.

या तांड्यांहून निराळा, पेठेत बसणारा वाहतूकदार म्हणजे हुंडेकरी. हा शब्द आज आडनावापुरता उरला आहे. पूर्वी वाटेवर ठिकठिकाणी जकातीची ठाणी असत आणि प्रत्येक ठाण्यावर हुज्जत होई. हुंडेकरी व्यापाऱ्याकडून एकच ठोक रक्कम घेई आणि भाडे, जकाती, वाटेतील देणी-घेणी हे सारे आपल्या अंगावर घेऊन माल मुक्कामी पोचता करी. व्यापारी त्याला पैसे देई ते बैलांच्या श्रमाइतकेच स्वतःच्या निश्चिंतीचे. चांगल्या भाड्याचे रहस्य या एका शब्दात साठविलेले आहे, असे मला वाटते.

पुढे जकातीची अंतर्गत ठाणी उठली आणि रेल्वे आली. १८८८ मध्ये कॅसलरॉकखालचा घाट उतरून मार्मागोव्यापर्यंत आगगाडी धावू लागली. कुमठा-वेंगुर्ल्याच्या बंदरांकडे बैलांवर आणि गाड्यांवर जाणारा कापूस-धान्याचा ओघ रुळांकडे वळला. लमाणांचा दूरचा धंदा बसला. त्याहून दारुण गोष्ट अशी की, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील विस्ताराने निरनिराळ्या प्रांतांत या समाजातील गटांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. हा कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडले. ज्यांच्या भरवशावर सैन्ये चालली, त्यांची पत एका नोंदवहीने पुसली गेली. कारण ती पत माणसांच्या आठवणीत होती, त्यांच्या स्वतःच्या कागदांवर कोठेच नव्हती.

मोटार आल्यावर छोट्या मालकाला पुन्हा वाव मिळाला, परंतु तोही बेताचा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची चौकट घातली. रेल्वेला फार स्पर्धा होऊ नये हाही तिच्यामागचा एक विचार होता. ट्रकच्या कपाळावर ‘पब्लिक कॅरिअर’ ही अक्षरे आली ती त्या काळातली. परवाना दुर्मिळ असल्यामुळे गाडीपेक्षा कागदाला मोल चढले. १९७५ पासून राष्ट्रीय परवाना मिळू लागला, १ जुलै १९८९ रोजी नवा कायदा अमलात आला आणि वाटा बऱ्याच मोकळ्या झाल्या. पण परवाना सुलभ झाला तशा गाड्या वाढल्या, गाड्या वाढल्या तसे भाडे उतरले. आता परवाना असणे पुरेसे राहिले नाही. नाव असणे आवश्यक झाले.

हे नाव कसे मिळते, याचे पाठ मी बेळगावच्या जुन्या ट्रकमालकांशी बोलून गोळा केले. पहिला पाठ परतीच्या मालाचा. बेळगावची भाजी घेऊन ट्रक रात्री घाट उतरतो आणि पहाटे गोव्याच्या बाजारात उभा राहतो. भाजीचे भाडे बरे मिळते, कारण तेथे वेळेला किंमत आहे. दोन तास उशीर झाला की माल कोमेजतो. परंतु परतताना गाडी रिकामी आली तर डिझेल, टायर, चालकाचा भत्ता आणि बँकेचा हप्ता मिळून तो नफा गिळून टाकतात. म्हणून शहाणा मालक मासळी, खत, बंदरावरचा माल यांची तजवीज निघण्यापूर्वीच करतो. ‘जाण्याचे भाडे पोटाला, येण्याचे भाडे गाठीला’ असे एका वृद्ध मालकाने मला सांगितले.

दुसरा पाठ माल ओळखण्याचा. उद्यमबागेतील फौंड्र्यांचे ओतीव भाग पुण्याकडे जातात. ते वेळेवर न पोचल्यास पुढच्या कारखान्याचे काम अडते. असा माल पाठविणारा चार पैसे अधिक मोजतो, पण ताडपत्री घट्ट बांधणारा, नग मोजून घेणारा, सही-शिक्क्याची पोच लगेच आणून देणारा आणि गाडी बिघडली तर विचारणा होण्याआधी स्वतः कळविणारा माणूस त्याला हवा असतो. एवढ्या साध्या गोष्टी वर्षानुवर्षे न चुकता केल्या की दलालाच्या दारात ताटकळण्याची वेळ येत नाही. कारखान्याचा निरोप थेट घरी येतो.

तिसरा पाठ कागदाचा, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा. १८६५ च्या वाहक कायद्याने सार्वजनिक वाहकावर मोठी जबाबदारी टाकली होती. माल गहाळ झाला तर वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे माल पाठविणाऱ्यावर नव्हते. २००७ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली, तरी मूळ तत्त्व टिकले. ही जबाबदारी पावती देणाऱ्याची. व्यवहारात पावतीवर नाव असते बुकिंग करणाऱ्या कचेरीचे, आणि रात्रभर घाट चढणारा ट्रकमालक त्या कागदावर केवळ गाडीचा क्रमांक म्हणून उरतो. जबाबदारी ज्याच्या नावावर, पतही त्याच्याच नावावर जमा होते.

या मर्यादेतून बाहेर पडल्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. विजय संकेश्वर यांनी १९७६ मध्ये गदगमध्ये एका ट्रकवर धंदा आरंभिला. हुबळी, बेंगळूर, बेळगाव अशी सेवा वाढत गेली आणि २०१५ मध्ये त्यांची कंपनी शेअरबाजारात आली. अनेक व्यापाऱ्यांचे सुटे डाग एकत्र करून स्वतःच्या पावतीवर वाहणे हा त्यांच्या धंद्याचा कणा. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या मर्जीऐवजी शेकडो लहान गिऱ्हाइकांचा विश्वास हे त्याचे बळ. प्रत्येक ट्रकमालकाला एवढी मजल मारता येणार नाही; परंतु दिशा तीच आहे.

आजचा काळ सोपा नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला, राज्यांच्या सीमेवरील करनाके उठले आणि २०१८ पासून ई-वे बिल सुरू झाले. नाक्यावरचा खोळंबा घटला हे इष्टच. परंतु हुंडेकऱ्याचे जुने कौशल्य त्याबरोबर अनावश्यक ठरले. भाडे आता मोबाइलच्या पडद्यावरही जुळते, आणि वर्षांच्या सचोटीची नोंद दुसऱ्याच कोणाच्या यंत्रात साठते.

म्हणून या शाळेतून शिकून वाहतुकीच्या धंद्यात जाणाऱ्या मुलांना माझे एवढेच सांगणे आहे : आपल्या प्रत्येक खेपेची तारीख, वजन, पोच आणि शेरा यांची वही स्वतःपाशी ठेवा, आणि दोन-चार मालकांनी एकत्र येऊन स्वतःच्या नावाची नोंदणीकृत पावती काढता येते का, ते पाहा. लमाणांच्या बैलांनी दख्खनची भूक भागविली, परंतु त्यांचा हिशेब परक्यांच्या दप्तरांत राहिला. तुमचा हिशेब तुमच्या हस्ताक्षरात असू द्या.