नागपूरच्या राण्यांची मिळकत

११ डिसेंबर १८५३ रोजीं नागपूरचे तिसरे रघूजीराजे भोसले निपुत्रिक वारले. मागें त्यांच्या राण्या आणि दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध विधवा बांकाबाई राहिल्या. १८५४ मध्यें लॉर्ड डलहौसीनें राज्य खालसा केलें. मग प्रश्न उरला घरच्या चीजवस्तूंचा: त्या राजाच्या खासगी कीं दौलतीच्या? निवाडा कंपनी सरकारनेंच केला. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस मातीमोलानें विकले गेले. सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असें बांकाबाईंनीं बजावलें. तरी सामान हललें, आणि बहुतेक जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारांत गेलें. विक्रीच्या पैशांतून भोसले घराण्यासाठीं फंड उभारला गेला. राण्यांना सालीना नेमणूक मिळाली. मालकी मात्र मिळाली नाहीं.

सामान्य घरांतील विधवेची गतही याहून फारशी निराळी नव्हती. एकत्र कुटुंबांत तिला अन्नवस्त्र मिळे, हिस्सा मिळत नसे. १९३७ च्या कायद्यानें हिंदु विधवेला पतीच्या मिळकतींत वांटा दिला, पण तो तिच्या हयातीपुरता. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें ती त्या वांट्याची पूर्ण मालकीण झाली. सीताबर्डीच्या त्या विक्रीला तोंवर सुमारें शंभर वर्षें लोटलीं होतीं.