महिना नसलेल्या तारखा

०२/०३/२००८ ही तारीख पुण्यात २ मार्च, तर शिकागोत ३ फेब्रुवारी. संकेतस्थळावरच्या लेखाचा संदर्भ देताना अशा तारखा दोनदा येतात: लेख प्रसिद्ध कधी झाला आणि आपण तो पाहिला कधी. वाचणारा माणूस लेखक कुठला हे बघून तारखेचा अंदाज बांधतो. संगणकाला ते जमत नाही.

यावर उपाय वेबच्या जन्माआधीच निघाला होता. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे 'आयएसओ'ने, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस हा क्रम १९७६मध्येच ठरवला. त्या मानकाचा क्रमांक २०१४, म्हणजे खुद्द तारखांचं मानकच एखाद्या सालासारखं दिसणारं! १९८८मध्ये त्याची जागा 'आयएसओ ८६०१'ने घेतली. या पद्धतीत २ मार्च म्हणजे २००८-०३-०२. अशा तारखा नुसत्या अंकांच्या क्रमाने लावल्या, तरी कालक्रम आपोआप जुळतो.

ग्रंथपालांना एवढ्याने भागत नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठामागे बहुधा नुसतं साल असतं, मासिकावर महिना आणि साल. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले. त्यातून 'डब्लिन कोअर' ही नोंदपद्धती निघाली आणि तिच्यात तारखेचा स्वतंत्र रकाना आला. १९९७मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या वेब कन्सोर्शियमने तारखांवर एक छोटं टिपण काढलं. त्याचे दोन्ही लेखक रॉयटर्स या वृत्तसंस्थेतले, म्हणजे दिवसभर तारखांशीच झुंजणारे. नुसतं साल किंवा साल-महिना एवढीच तारीखही चालेल, असं त्यांनी साफ लिहून ठेवलं.

पुढच्या मंडळींना याचा विसर पडला.

२००५मध्ये 'मायक्रोफॉरमॅट्स'ची, म्हणजे वेबपानांतल्या नेहमीच्या मजकुरात यंत्राला कळतील अशा खुणा पेरण्याची, चळवळ सुरू झाली. वाचकाला '५ ऑक्टोबर' दिसावं आणि यंत्राला आतली पूर्ण तारीख मिळावी, म्हणून संक्षेप दाखवणाऱ्या 'अॅबर' या टॅगच्या शीर्षकात ती आकडेबंद तारीख दडवायची, अशी युक्ती निघाली. डोळस वाचकाला काहीच खटकलं नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला मात्र तारखेच्या जागी, वेळही जोडलेली असेल तर, मधल्या 'टी' अक्षरासकट आकड्यांची लांबलचक माळ ऐकू येऊ शकत होती. २००७मध्ये यावर जाहीर टीका झाली आणि २००८च्या जूनमध्ये बीबीसीने आपल्या कार्यक्रमांच्या पानांवरून ही पद्धत काढून टाकली. तक्रार रास्तच होती. २००९मध्ये तारीख आणि वेळ वेगवेगळ्या तुकड्यांत लिहिण्याची तोड निघाली. पुढे याच चळवळीच्या, संदर्भांसाठीच्या 'एच-साइट' या मसुद्यात प्रसिद्धीची आणि पाहिल्याची अशा दोन्ही तारखांना जागा मिळाली. तिकडे ग्रंथालयांच्या जगाने आपली वेगळी वाट धरली होती: रिकाम्या टॅगमध्ये पूर्ण संदर्भ कोंबणारी 'कॉइन्स' पद्धत. विकिपीडियाच्या तळटिपांतून झोटेरोसारखं संदर्भ गोळा करणारं सॉफ्टवेअर माहिती उचलतं, ते तिच्याच आधारे.

मग वेबपानांच्या भाषेच्या नव्या मानकात, एचटीएमएल ५मध्ये, तारखेसाठी खास 'टाइम' टॅग आला, पण त्याला पूर्ण दिवसच लागे. 'मे २००८' एवढंच छापलेल्या मासिकाची तारीख त्यात बसेना. २०११च्या ऑक्टोबरअखेर या मानकाचे संपादक इयन हिक्सन यांनी तो टॅगच काढून टाकला आणि त्याजागी सर्वसाधारण 'डेटा' टॅग आणला. गदारोळ झाला. काही दिवसांतच 'टाइम' परतला आणि नुसतं साल किंवा साल-महिनाही स्वीकारू लागला. १९९७चं टिपण जिथे होतं, तिथे वेब चौदा वर्षांनी पोहोचलं.

तरी 'टाइम'ची कालगणना ग्रेगोरियनच. जुन्या मराठी पुस्तकावर 'शके १८३०' एवढंच असेल, तर ते १९०८चं की १९०९चं, हे सांगता येत नाही, कारण शक वर्ष चैत्रात सुरू होतं. 'टाइम'मध्ये ही शंका मांडायची सोय नाही. ती सोय अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पुढाकार घेतलेल्या, तारखा लिहिण्याच्या विस्तारित पद्धतीत आहे. २०१९मध्ये 'आयएसओ ८६०१'च्या दुसऱ्या भागात ती दाखल झाली. तिच्यात 'या दोहोंपैकी एक साल' असं लिहिता येतं. ऋतूंनाही आकडे आहेत: शरद ऋतूतला अंक असेल, तर २००७-२३, जणू वर्षाचा तेविसावा महिना! दिवाळी अंकाला मात्र तिथेही आकडा नाही. नोंद करणारा साल तारखेत लिहितो आणि 'दिवाळी' अंकाच्या नावात.